घर खाली करा म्हटलं, म्हणून लगेच खाली करायचं?



आज भाड्याच्या घराबद्दल बोलायचंय, आणि बोलायचंय ते जबलपूरच्या गढ्यातून. गढा हा जबलपूरचा फार जुना भाग. गढा-मंडल्याचं गोंड राज्य म्हणतात, त्यातला गढा तो हाच. वर टेकडीवर मदन महाल, आणि खाली आता मेडिकल कॉलेजच्या आसऱ्यानं वाढलेली दाट वस्ती. खोलीवर खोली, जिन्याखाली खोली, गच्चीवर पत्रा टाकून खोली. शिकणारी मुलं, नर्सिंगच्या मुली, बदलीवर आलेले रेल्वेचे लोक, पेशंटसोबत महिनाभर राहायला आलेले नातेवाईक. त्यांत नागपूर, अमरावती, पुण्याकडून आलेली आपली मराठी माणसंही आहेत. इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबं तर आहेतच. ती भाड्याला ‘किराया’ म्हणतात आणि घर रिकामं करायला ‘खाली करणं’. मीही तसंच म्हणणार.

तर होतं काय? रविवारी सकाळी मालक वर येतात. चहा घेतात. मुलांची चौकशी करतात. आणि उठता उठता म्हणतात, “भाईसाहब, अगले महीने तक मकान खाली कर दीजिएगा.” झालं. त्या दिवशी घरात दुसरा विषय नाही.

यानंतर लोक दोन टोकांना जातात. काही जण घाबरून दुसऱ्याच दिवशी टेम्पो शोधायला लागतात. काही जण कुणाकडून तरी ऐकतात की ‘किरायेदाराला कोणी काढू शकत नाही’, आणि किराया द्यायचंच बंद करतात. पहिल्या टोकाला तुमचं नुकसान होतं ते पैशांचं आणि मुलांच्या शाळेचं. दुसऱ्या टोकाला नुकसान जास्त आहे, कारण तिथं हातातला चांगला खटला आपणच घालवतो.

मालकानं सांगणं आणि कायद्यानं सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे एक अंतर आहे, आणि ते किती मोठं आहे हे राज्याराज्याप्रमाणे बदलतं. पुण्यात शिकलेला नियम गढ्यात चालत नाही, गढ्यातला नियम पुण्यात चालत नाही. आपली माणसं नेमकी इथंच फसतात.

मध्य प्रदेशात कायदा आहे १९६१ चा. हिंदीत त्याला ‘मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम’ म्हणतात. नोटिशीत हेच नाव दिसेल, म्हणून तसंच सांगतोय. त्यातलं कलम १२ भाडेकरूनं पाठ करून ठेवावं असं आहे. ते म्हणतं, करारात काहीही लिहिलेलं असो, दुसऱ्या कायद्यात काहीही असो, या कलमात दिलेल्या कारणांपैकी एखादं कारण असल्याशिवाय भाडेकरूला काढण्याचा दावा दिवाणी न्यायालयात दाखलच करता येणार नाही. करारात काहीही लिहिलेलं असो, हे शब्द लक्षात ठेवा.

आता अकरा महिन्यांच्या कराराकडे या. तो अकराच महिन्यांचा का असतो? एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, नोंदणीला खर्च येतो, तो टाळायचा म्हणून अकरा. एवढंच. पण लोकांना वाटतं, अकरा महिने संपले की हक्क संपला. १९६१ च्या कायद्याखाली तसं नाही. मुदत संपली, ही गोष्ट कलम १२ च्या कारणांत नाही. मुदत संपल्यावर घरात राहिलेला माणूसही त्या कायद्याच्या व्याख्येत भाडेकरूच धरला जातो. ‘जास्त किराया देणारा मिळालाय’ हेही कारण त्या यादीत नाही. मालक हे दुसरं कारण तोंडानं कधी बोलत नाहीत, पण बऱ्याचदा खरं कारण तेच असतं.

महाराष्ट्रात मात्र उलट. तिथं तुम्ही बहुधा भाडेकरू नसताच. कराराच्या माथ्यावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहिलेलं असतं, म्हणजे तुम्ही परवानगीनं राहणारे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली की जागा द्यावी लागते. नाही दिली, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज जातो आणि दुप्पट रक्कम मोजावी लागू शकते. तिथं एक उपयोगी गोष्ट आहे ती कलम ५५ मध्ये. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं असल्याचं सिद्ध होईपर्यंत. पुण्यातून जबलपूरला आलेला माणूस मनात कलम २४ घेऊन येतो आणि मुदत संपली म्हणून निमूट निघतो. जबलपूरहून पुण्याला गेलेला माणूस ‘मला काढूनच दाखवा’ म्हणतो आणि दुप्पट भरतो.

एक गंमत सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. दोन्हीकडे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश चालायचा. त्याप्रमाणे रेंट कंट्रोलरची आधी लेखी परवानगी घेतल्याशिवाय मालकाला भाडेकरार संपवण्याची नोटीससुद्धा देता येत नव्हती. राज्यं वेगळी झाली, जबलपूरला १९६१ चा नवा कायदा आला. विदर्भात मात्र तो जुना आदेश महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा येईपर्यंत टिकला. म्हणून नागपूरकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘कंट्रोलरची परमिशन’ असते. जबलपूरच्या जुन्या घरांतही एखादे आजोबा ठामपणे सांगतात, “कंट्रोलरला विचारल्याशिवाय तो काढूच शकत नाही.” आजोबांची आठवण खरी आहे, कायदा मात्र आता तो नाही.

बरं, मग कलम १२ मध्ये कारणं आहेत तरी कोणती? सगळी वाचून दाखवत नाही. पोटभाडेकरू ठेवणं, सहा महिने घर न वापरणं, उपद्रव देणं, घराची मोठी दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी, भाडेकरूनं स्वतःचं घर बांधणं, अशी ती आहेत. कोर्टात सारखी येतात ती दोन. थकलेला किराया आणि मालकाची गरज.

थकलेल्या किरायाचं असं आहे. मालकानं मागणीची नोटीस द्यायची. ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत सगळी थकबाकी दिली नाही, तर कारण तयार होतं. म्हणजे दोन महिने हातात आहेत. मग लोक काय करतात? पोस्टमनला परत पाठवतात! नोटीस घेतली नाही म्हणजे मिळाली नाही, असं कृपा करून समजू नका. बरोबर पत्त्यावर रजिस्टरनं पाठवलेली नोटीस घ्यायला नकार दिला, तर ती मिळाली असंच सहसा धरलं जातं. दोन महिने चालू होतात आणि तुम्हाला आत काय लिहिलंय तेही माहीत नसतं.

दावा दाखल झालाच, तर कलम १३ लागतं. समन्स मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत थकबाकी कोर्टात भरायची किंवा मालकाला द्यायची, आणि पुढं दर महिन्याचा किराया त्याच्या पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. हे नीट पाळलं, तर केवळ थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. ही सवलत मात्र पुन्हा पुन्हा मिळत नाही. आणि पाळलं नाही, तर तुमचा बचावच काढून टाकायचा अधिकार कोर्टाला आहे. मालकाची गरज खोटी आहे, त्यांची शहरात दुसरी घरं आहेत, हे सगळं तुमच्याजवळ असेल. पण १५ तारीख चुकली तर ते मांडण्याची संधीच जाऊ शकते. किराया बंद करू नका असं मी म्हणतो, ते याच्यासाठी.

मालक घेतच नसतील तर? हेही होतं. तीन महिने घ्यायचा नाही आणि चौथ्या महिन्यात थकबाकीची नोटीस पाठवायची. अशा वेळी मनीऑर्डर करा, बँकेत टाका, फोनवरून पाठवा. परत आलं तर परत आल्याचा कागद जपा. १९६१ च्या कायद्यात भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे किराया जमा करण्याचीही सोय आहे. आणि पावती मागणं हा तुमचा हक्क आहे. मालकाला ‘काका’ म्हणत असलात तरी मागा.

दुसरं कारण मालकाची गरज. हिंदी कागदांत ‘सद्भाविक आवश्यकता’ लिहितात. मालकाला स्वतःला किंवा कुटुंबातल्या माणसाला राहायला घर हवंय. गरज खरी पाहिजे, आणि त्याच शहरात मालकाच्या ताब्यात दुसरी राहण्याजोगी सोयीची जागा नसली पाहिजे. इथं भाडेकरू म्हणतात, “त्यांचा मुलगा बंगळूरला आहे, त्याला कशाला घर हवं?” विचारायला हरकत नाही. पण मालकानं कसं राहावं, हे भाडेकरूनं ठरवायचं नसतं, असं सर्वोच्च न्यायालयानं वारंवार म्हटलंय. गरज खरी असेल तर मालक जिंकतो आणि जिंकायलाच हवा. तरी निकालानंतरही या कारणावर दोन महिन्यांच्या आत ताबा घेता येत नाही.

मालकानं घर विकलं आणि नवे मालक म्हणाले “खाली करा”, तर? विक्रीनं तुमची भाडेकरूगिरी संपत नाही. शिवाय ज्यानं घर विकत घेतलं, त्याला स्वतःच्या गरजेचं कारण दाखवून वर्षभर दावा करता येत नाही. भावाभावांत वाटणीचं भांडण असेल आणि दोघंही किराया मागत असतील, तर कुणालाच “तू मालक नाहीस” म्हणू नका. मालकी नाकारणं हे पुढं तुमच्याच विरुद्ध कारण होऊ शकतं. कोर्टात भरतो म्हणा.

आता जबलपूरपुरतं सगळ्यात महत्त्वाचं. हे शहर सरकारी नोकरांचं. तोफगाडी कारखाना, ज्याला सगळे जीसीएफ म्हणतात, तो १९०४ चा. मग व्हेईकल फॅक्टरी, रेल्वे, तारखातं, लष्कर, मेडिकल कॉलेज, हायकोर्ट. या लोकांनी निवृत्तीच्या पैशांतून घरं बांधली आणि वरचा मजला किरायानं दिला. तुमचे घरमालक बहुधा हेच, किंवा त्यांच्या पश्चात त्यांची पत्नी. आणि १९६१ च्या कायद्यात १९८३ साली एक वेगळं प्रकरण घातलं गेलं ते नेमकं अशा मालकांसाठी. निवृत्त सरकारी नोकर, सरकारी कंपनीतून निवृत्त झालेले, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री, अपंग व्यक्ती. यांना घराची खरी गरज असेल तर त्यांनी दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं फिरायचं नाही. कलम २३-क प्रमाणे थेट भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जायचं. हा अधिकारी उपजिल्हाधिकारी दर्जाचा असतो, म्हणजे काम कलेक्टर कचेरीतून चालतं.

तिथला नियम ऐका. समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही शपथपत्रासह अर्ज करून ‘मला या प्रकरणात लढायची परवानगी द्या’ असं मागायचं. नाही मागितलं, तर मालकाचं म्हणणं तुम्ही मान्य केलंत असं धरून घर खाली करण्याचा आदेश होतो. कायद्यात लढायलाही परवानगी मागावी लागते, हे लोकांच्या डोक्यात येत नाही. त्यांना वाटतं तारखेला जाऊ, वकील करू, वेळ मागू. दिवाणी कोर्टाची ती सवय इथं मोडते. दिवाळीला गावी गेलात आणि समन्स मागं घरातल्या मोठ्या माणसानं घेऊन कपाटावर ठेवलं, तर तुम्ही परत येईपर्यंत पंधरा दिवस संपलेले असू शकतात. आदेशाविरुद्ध अपील नाही, हायकोर्टात पुनरीक्षण आहे. म्हणून आज एक काम करा. आपले मालक या यादीत बसतात का, हे माहीत करून घ्या. आणि कचेरीतून आलेला लिफाफा कधीही कपाटावर ठेवू नका.

हे मालकांच्या बाजूचं आहे म्हणून वाईट आहे, असं मला वाटत नाही. ज्या बाईचं सगळं आयुष्य त्या एका घरात आहे, तिला दोन खोल्यांसाठी दहा वर्षं कोर्टात फिरवणं याला हक्क म्हणत नाहीत. फक्त पंधरा दिवसांची गोष्ट भाडेकरूला कुणी सांगत नाही, ती सांगायला हवी.

आता कुलुपाचा विषय. मालकानं पाणी बंद केलं, मीटरमधून तुमची लाईन काढली, किंवा तुम्ही कामावर गेलेले असताना खोलीला स्वतःचं कुलूप लावलं. हे मालकाला करता येत नाही. तुमचा करार संपलेला असो, किराया थकलेला असो, तरीही नाही. यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आपल्या ग्वाल्हेरकडच्याच प्रकरणात आहे. लल्लू यशवंत सिंह विरुद्ध राव जगदीश सिंह, १९६८ च्या निकालसंग्रहात तो सापडतो. ते शेतजमिनीचं प्रकरण होतं, जहागीरदारानं कुळाची जमीन जबरीनं ताब्यात घेतली होती. कोर्टानं सांगितलं की मालकाला बळानं ताबा घ्यायचा अधिकार नाही, त्यानं कायद्यानंच आलं पाहिजे. पुढं १९८९ साली कृष्णा राम महाले यांच्या मुंबईतल्या प्रकरणात हेच तत्त्व लायसन्सवर धंदा करणाऱ्यालाही लावलं गेलं. म्हणून होस्टेलमध्ये किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या मुलांनीही ऐकावं. तुम्हाला कदाचित कलम १२ चं संरक्षण नसेल, कारण तुम्ही भाडेकरू नाही. तरी तुमचं सामान रस्त्यावर फेकायचा हक्क कुणाला मिळत नाही.

कुलूप लागलंच तर पहिल्यांदा फोटो, व्हिडिओ, तारीख-वेळ. मग ११२, आणि गढा ठाण्यात लेखी अर्ज. ठाण्यात बहुतेक ‘ये तो सिविल मामला है’ ऐकावं लागतं. तरी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पाणी-वीज तोडलं असेल तर भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. आणि घराबाहेर काढलंच असेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ चं कलम ६ आहे. ताबा गेल्यापासून सहा महिन्यांत दावा करायचा. मालक कोण हा प्रश्नच तिथं येत नाही. तुम्ही राहत होतात आणि तुम्हाला कायद्याबाहेर काढलं, एवढंच दाखवायचं. सहा महिने म्हणजे सहाच महिने. ‘नातेवाईक समजूत घालतायत’ म्हणत सातवा महिना लावू नका.

पण राहत होतो, हे दाखवायचं कशानं? गढ्यातल्या अर्ध्या खोल्यांचा करारच नसतो. तोंडी ठरलेलं, हातात रोख. करार नसला तरी भाडेकरू असता येतं, पण पुरावा लागतो. पोलीस ठाण्यात किरायेदाराची माहिती देतात, तिची प्रत घ्या. मालक त्याला कटकट समजतात, तुम्हाला तो सोन्यासारखा कागद आहे. गॅसचं कार्ड, मुलांच्या शाळेतला पत्ता, बँकेतून मालकाला गेलेले पैसे, ‘किराया मिला’ असा मालकाचा मेसेज. रोख देत असाल तर आजपासून बंद करा.

नोटिशीबद्दल आणखी एक. पंधरा दिवसांची नोटीस दिली नाही म्हणून दावा पडेल, असं काही जण छातीठोक सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९७९ मध्ये धनपाल चेट्टियार प्रकरणात ठरवलंय की भाडे नियंत्रण कायद्याखालच्या दाव्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याची ती नोटीस लागत नाही. त्या आशेवर राहू नका.

आणि हरल्यावर अपील करून ताणत राहणं स्वस्त पडेल असंही समजू नका. आत्मा राम प्रॉपर्टीज प्रकरणात २००५ सालच्या सुमारास सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घर खाली करण्याच्या हुकमाला स्थगिती हवी असेल, तर कोर्ट जुन्या किरायाऐवजी बाजारभावानं रक्कम भरायला लावू शकतं. तीस वर्षांपूर्वीचा किराया देणाऱ्याला हा हिशेब जड जातो.

बाकी राज्यांत असलेल्यांनी आपापला कायदा पाहावा. इंदूर, ग्वाल्हेरला हाच १९६१ चा. बडोद्याला १९४७ चा जुना मुंबई भाडे कायदा गुजरातच्या रूपात. गोव्यात १९६८ चा. बेळगावला कर्नाटकाचा १९९९ चा, पण तो ठराविक रकमेपर्यंतच्या कमी किरायाच्या घरांनाच लागतो. २०२१ मध्ये केंद्रानं आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला, पण तो नमुना आहे. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तुमच्या घरावर लागू होत नाही.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००.

आता तो रविवार पुन्हा घ्या. मालक म्हणाले, घर खाली करा. भांडू नका. “काकाजी, कशासाठी हवंय, कधीपर्यंत हवंय, जरा लिहून द्या ना,” एवढंच म्हणा. पुष्कळदा खरं कारण तिथंच कळतं, आणि पुष्कळदा परीक्षा संपेपर्यंतची मुदतही तिथंच मिळते. जे ठरेल ते कागदावर घ्या. जायचं ठरलं, तर डिपॉझिट परत कधी मिळणार तेही त्याच कागदात लिहा. शेवटच्या दिवशी मीटरचा आकडा दोघांनी मिळून बघा, रिकाम्या खोल्यांचा व्हिडिओ काढा, आणि किल्ली दिल्याची तारीख टाकून मालकाची सही घ्या. त्या सहीनंतरच टेम्पो हलवा.